हवा बदलली की मन का बदलतं?

चुलीपुढे बसून ऐकणाऱ्या, दळण निवडता निवडता ऐकणाऱ्या, रानात बांधावर मोबाईल कानाशी धरून बसलेल्या, सगळ्यांनाच आम्हा समन्वयक ताईंचा नमस्कार.

आज आपण हवेबद्दल बोलणार आहोत. पाऊस कधी येणार आणि किती पडणार हे सांगणारी माणसं वेगळी आहेत. आपण बोलू ते हवा बदलली की आपल्या आत काय बदलतं, याबद्दल.

आम्ही बारा महिने गावोगाव बैठका घेत फिरतो. हजेरी, बचत, कर्ज, व्याज सगळं रजिस्टरात लिहिलं जातं. पण एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि दर वर्षी दिसते. मे महिन्यात दुपारी दोनच्या बैठकीत आवाज चढतात. पाच रुपयांच्या दंडावरून दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नाहीत. मृगाचा पाऊस पडला की त्याच दोघी एका छत्रीतून येतात. श्रावणात चार दिवस झड लागली की निम्म्या बाया घरातून निघत नाहीत. आणि पावसानं ओढ दिली की बैठकीला सगळ्या येतात, पण बोलत कुणीच नाही. फक्त वर बघतात.

आपल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. आभाळ भरून येतं आणि मनही भरून येतं, शब्द एकच. डोकं तापतं, जीव थंड होतो, मनावर मळभ येतं. पावसालाही त्यांनी माणसांचे स्वभाव दिले. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. कुठे कुठे मघाच्या पावसाला सासूचा आणि पूर्वाच्या पावसाला सुनेचा पाऊस म्हणतात. हस्ताचा तो हत्तीचा. शब्द आपल्याकडे आहेतच. आज आपण त्याच्या मागची कारणं समजून घेऊ. कारण कळलं की दोन फायदे होतात. एक म्हणजे आपण स्वतःला उगीच दोष देत नाही. दुसरा फायदा मोठा आहे. वाईट हवेत आपण घाईनं काही ठरवत नाही.

हवा आपल्या मनात तीन वाटांनी शिरते. एक वाट शरीरातून जाते, दुसरी पैशातून, तिसरी आठवणीतून. एकेक वाट बघू.

ऊन आणि डोकं

आपल्या शरीराची आतली ऊब साधारण ३७ अंश असते. बाहेर ४२ अंश झालं तरी शरीराला आत तेवढीच ठेवावी लागते. ते काम घाम करतो. आपला पाण्याचा माठ आठवा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि आतलं पाणी गार होतं. अंगावरचा घाम वाळताना अंग असंच गार होतं. पण हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पावसाळ्यात माठातलं पाणी फारसं गार होत नाही, त्याचं कारणही हेच. म्हणून ऑक्टोबरचा उकाडा जीव नकोसा करतो. पाऊस परतत असतो, आभाळ मोकळं होऊन ऊन कडक पडतं आणि जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते.

उन्हाच्या दिवसांत शरीर सगळा वेळ स्वतःला गार ठेवण्यात खर्च होतं. हृदय जास्त जोरानं चालतं. अंगातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टीनं चिडचिड होते. यात आपल्या बायांची आणखी एक अडचण आहे. रानात लघवीला आडोसा नसतो, म्हणून कितीतरी जणी सकाळपासून मुद्दाम कमी पाणी पितात. मग दुपारी डोकं ठणकतं, पोरावर हात उगारला जातो, आणि रात्री वाटतं की आपला स्वभावच वाईट झालाय. पण स्वभावाआधी लघवीचा रंग बघा. ती गडद पिवळी होत असेल तर अंग पाणी मागतंय.

उन्हाचा दुसरा मार झोपेवर बसतो. झोप लागताना शरीर आतून साधारण एक अंशानं गार होतं. तसं झालं तरच झोप गाढ लागते. पत्र्याचं घर दिवसभर तापतं, भिंती ऊन धरून ठेवतात आणि रात्री तीच धग घरात सोडतात. अंग गार होत नाही, माणूस या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतो. त्यात घरातली बाई सगळ्यांत शेवटी आडवी होते आणि टँकरच्या पाण्यासाठी सगळ्यांत आधी उठते. अशा चार रात्री गेल्या की कुणाचंही मन खचेल. तीच अडचण चांगल्या झोपेनंतर लहान वाटते आणि जागरणानंतर डोंगराएवढी दिसते.

उन्हाळ्यात भांडणं आणि मारहाण वाढते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. पण इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘उन्हानं त्याचं डोकं फिरलं, म्हणून हात उचलला’ असं घराघरांत सांगितलं जातं. डोकं तापणं ही शरीराची गोष्ट आहे, हात उचलणं ही माणसाची. उन्हानं डोकं फिरलेला माणूस सावकारावर हात टाकत नाही, सरपंचावर टाकत नाही. तो घरातल्या बाईवरच टाकतो, म्हणजे कुणावर टाकायचा हे त्याला तेव्हाही कळत असतं. ऊन त्याची सबब होऊ शकत नाही. अशा वेळी महिलांसाठीचा १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक प्रत्येकीला पाठ असावेत.

मळभ आणि झड

आता ढगाळ हवेकडे येऊ. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते घड्याळ लागतं आणि शरीराला कळतं, दिवस उजाडला. अंधार झाला की मेंदूत मेलाटोनिन नावाचा रस तयार होतो आणि झोपेची वेळ झाल्याचं शरीराला समजतं. उजेड कमी पडला की हे घड्याळ ढिलं पडतं. दिवसा सुस्ती येते, रात्री झोप नीट लागत नाही, कामाला हात लावावासा वाटत नाही.

थंड देशांत हे फार जाणवतं. नॉर्वे देशाच्या उत्तरेला ट्रॉम्सो नावाचं शहर आहे. तिथं हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवतच नाही. अशा हिवाळ्यात दर वर्षी ठरावीक दिवसांत काही लोक उदास होतात आणि वसंत आला की बरे होतात. १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उदासीचं एक आजार म्हणून नीट वर्णन केलं. त्यावर प्रखर दिव्यासमोर रोज सकाळी बसवण्याचा उपचारही तिकडे केला जातो.

आपल्याकडे तेवढा अंधार कधीच नसतो. मराठवाड्यात डिसेंबरमधला सगळ्यांत लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा असतो, आणि जूनमधला सगळ्यांत मोठा तेरा तासांच्या थोडा वर. मग झडीच्या दिवसांत आपल्याला उदास का वाटतं? जरा आपलं घर डोळ्यांपुढे आणा. दार लावलेलं, खिडकीला पोतं, आत एक दिवा. कपडे वाळत नाहीत. जळण ओलं, घरभर धूर. मजुरी बंद. पोरं घरात. शेजारणीकडे जाऊन दोन शब्द बोलावं तर गुडघाभर चिखल. उजेड, चालणं-फिरणं, माणसांशी बोलणं आणि हातातला पैसा या चार गोष्टी एकाच वेळी कमी होतात. यातली एक कमी झाली तरी मन उतरतं, इथं तर चारही जातात.

यावर औषध साधं आहे. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. म्हणून सकाळचं काम, भाजी निवडणं असो की शिवण असो, ओसरीवर किंवा उघड्या दारात बसून करावं. पाऊस थांबला की पंधरा मिनिटं का होईना, चालून यावं. आणि रोज एका तरी माणसाशी कामापलीकडचं बोलावं.

पहिल्या पावसाचा आनंद

हवा मन उतरवते तशी ते चढवतेही. पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो, तो मातीतले सूक्ष्म जीव तयार करतात. त्यांच्या एका द्रव्याचं नाव जिओस्मिन. पावसाचा थेंब कोरड्या मातीवर आपटला की ते हवेत उडतं. त्याचा कणभर अंशही आपल्या नाकाला कळतो. उत्तर प्रदेशातल्या कनौज गावात तर भाजलेल्या मातीपासून त्या वासाचं अत्तर काढतात. वास येतो, हवा गार होते, आणि वर्षभराची आशा मनात जागी होते. माणूस हरखून जातो.

या हरखण्यातही सांभाळायला लागतं. पहिल्या सरीनं मन एवढं उजळतं की उधारीवर बियाणं आणलं जातं आणि लगेच चाड्यावर मूठ धरली जाते. मग पाऊस पंधरा दिवस गायब होतो आणि दुबार पेरणीचं कर्ज डोक्यावर बसतं. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरती ओल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. आनंदी मनही चुकीचं ठरवू शकतं, हे लक्षात ठेवायला हवं.

आभाळ आणि पदराची गाठ

आता दुसरी वाट, पैशाची. ती आपल्यासाठी सगळ्यांत मोठी आहे.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासून देशात पावसाच्या नोंदी एकत्र ठेवल्या जातात. त्या सगळ्या वर्षांत देशभर इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आभाळ निळं, ऊन पिवळं, वारा मंद. शहरातला माणूस म्हणाला असता, काय सुंदर हवा आहे! आणि आपलं सोयाबीन फुलात होतं, शेंगा धरायच्या होत्या, पानं दुपारी माना टाकत होती. त्या सुंदर हवेनं आपल्या घरांत रात्रीची झोप उडवली. तेव्हा हवा चांगली की वाईट, हे नुसत्या आभाळावर ठरत नाही. आपल्याला त्या दिवशी आभाळाकडून काय हवं आहे, त्यावर ते ठरतं. एकाच सरीनं पेरणी झालेली बाई सुखावते, आणि जिचा कांदा उघड्यावर पडलाय, जिची वीट भट्टीवर ओली आहे, जिचं छप्पर गळतं, तिच्या पोटात गोळा येतो.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२१ च्या शेवटी ‘गुलाब’ चक्रीवादळानंतरच्या पावसानं मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. पाच वर्षांत आपण दोन्ही टोकं बघितली. अशा दिवसांत मनात जी भीती असते तिला आजार म्हणायचं कारण नाही. हप्ता कुठून भरायचा, जनावराला काय घालायचं, हा खरा हिशेब असतो.

पण या भीतीचा एक गुण ओळखून ठेवा. ती लांबचं दिसू देत नाही. आजचा दिवस कसा काढायचा, एवढंच दिसतं. अशा दिवसांतच घरातले मोठे निर्णय घाईनं होतात. मुलीची शाळा थांबते. ‘एक तोंड कमी होईल’ म्हणून तिचं लग्न ठरतं. दुभती गाय पडत्या भावानं विकली जाते. डोरलं गहाण पडतं. मुकादमाची उचल घेतली जाते. हवा आठ दिवसांत बदलते, फार तर एका हंगामात बदलते. त्या हवेत घेतलेला निर्णय मात्र मुलीच्या जन्माला पुरतो.

आमच्या भागातल्या एका गटात असं झालं. पावसानं महिनाभर ओढ दिलेली. एका ताईनं बैठकीत सांगितलं की मुलीला अकरावीतून काढतेय, स्थळ आलंय, देणंघेणं नाही म्हणतात. मुलगी सतरा वर्षांची. कायद्याचं बोलणं झालंच. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. पण कायद्याच्या धाकानं ती गप्प झाली असती, पटलं नसतं. मग गटातल्या एका वयस्कर मावशींनी विचारलं, “बाई, हेच स्थळ मागल्या माघात आलं असतं, घरात ज्वारीची रास होती तेव्हा, तर दिली असतीस का?”

ती ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तवा दारात उभं केलं नसतं.”

“मग हे तू ठरवत नाहीस,” मावशी म्हणाल्या, “हे आभाळ ठरवतंय.”

त्या वर्षी पुढे पाऊस आला, पण पीक निम्मंच निघालं. गोष्टीतल्यासारखं सगळं काही ठीक झालं नाही. कॉलेजच्या फीसाठी तिनं गटातून कर्ज घेतलं आणि ते फेडायला वर्ष लागलं. पण मुलगी बारावीला बसली.

आठवणीची वाट

तिसरी वाट आठवणीची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. असं काही ज्यांनी सोसलंय त्यांना रात्रीच्या पावसाचा आवाज झोपू देत नाही. बाकीचं घर घोरत असतं आणि ती बाई उठून पुन्हा पुन्हा पाणी किती चढलं ते बघते. वीज पडून जिच्या घरातलं माणूस गेलं, ती ढग गडगडला की थरथरते. ज्या महिन्यात नवरा गेला तो महिना आला, तशीच हवा सुटली, की अंगातली शक्ती गेल्यासारखं होतं. तिला स्वतःलाही कारण कळत नाही, कारण मनानं तारीख विसरली तरी अंगाला हवा आठवत असते.

अशा बाईला ‘काय घाबरट आहेस’ म्हणू नये. तिच्याजवळ बसावं. “त्या दिवसाची आठवण येते का?” एवढं विचारलं तरी पुरतं. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल.

आधी हवा विचारा

आता एक गमतीचा, पण उपयोगाचा प्रयोग सांगतो. अमेरिकेत नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना फोन करून विचारलं, एकूण आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. छान ऊन असलेल्या दिवशी लोकांनी आयुष्य चांगलं चाललंय असं सांगितलं, पावसाच्या दिवशी जरा कमी चांगलं. म्हणजे एका दिवसाच्या हवेचा रंग सगळ्या जन्माला लागला. पण काही जणांना त्यांनी सुरुवातीला सहज विचारलं, “तुमच्याकडे हवा कशी आहे?” आणि मग आयुष्याचा प्रश्न केला. तेव्हा पाऊस असो की ऊन, उत्तरात तेवढा फरक राहिला नाही. हवेकडे लक्ष गेल्यावर लोकांनी तिचं माप वेगळं काढलं आणि आयुष्याचं वेगळं. पुढे जास्त लोकांवर झालेल्या पाहण्यांत हवेचा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही खरं. पण त्यातली युक्ती घेण्यासारखी आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आपल्या मावशींनी त्या ताईला जे विचारलं, ते याहून वेगळं नव्हतं.

म्हणून आमची सूचना आहे. बैठकीत हजेरी झाली की व्यवहाराआधी पाच मिनिटं काढा. प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. रात्री झोप झाली का? आज पाणी किती प्यालीस? हवेनं सध्या तुझ्या घरात काय केलंय? एखादी म्हणेल, पत्र्यामुळे तीन रात्री डोळा नाही. एखादी म्हणेल, तुरीवर अळी पडलीय, मन थाऱ्यावर नाही. एवढं बोलून झालं की मग हिशेबाला बसा. ‘अमकी फार चिडकी’, ‘तमकी आळशी’ असले शिक्के मारायची वेळ कमी येते.

गटाला करता येण्यासारखं

बाकीच्या गोष्टीही गटाच्या हातातल्याच आहेत. एप्रिल-मे महिन्यांत बैठक दुपारी घेऊ नका. सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर, झाडाखाली, पाण्याची कळशी मध्ये ठेवून घ्या. पत्र्याच्या घरावर बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिला किंवा वर पाचट-कडब्याची सावली केली, तर घर कमी तापतं. पाचसहा जणींनी मिळून एकेकीचं छप्पर केलं तर एका आठवड्यात काम उरकतं. आणि रानात एक जुनी साडी चार काठ्यांना बांधून आडोसा केला, तर बायांचं पाणी पिणं आपोआप वाढतं.

पैशाच्या वाटेवर बांध घालायचा तर तो चांगल्या हवेत घाला. हुरड्याचे दिवस असतात, सकाळी गार, दुपारी कोवळं ऊन, घरात थोडंफार आलेलं असतं, तेव्हा मन स्थिर असतं. तेव्हा गटानं बसून ठरवावं की जुलै-ऑगस्टमध्ये हप्ता किती ठेवायचा आणि सोयाबीन विकल्यावर किती. अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवायची, ती कुणाला आणि कशासाठी द्यायची, हेही तेव्हाच लिहून ठेवावं. मग पाऊस लांबला तरी बाईला सावकाराचं दार लगेच दिसत नाही.

आणि एक नियम ठरावात घ्या. लग्न, शाळा सोडवणं, जमीन किंवा जनावर विकणं, मोठी उचल घेणं, असं काही पावसाच्या ओढीत किंवा पुराच्या आठवड्यात कुणाच्या घरी ठरत असेल, तर मध्ये दोन बैठका जाऊ द्यायच्या. दुसऱ्या बैठकीनंतरही तेच योग्य वाटलं तर खुशाल करावं. ठरवायचा हक्क त्या बाईचाच. गटानं तिला फक्त वेळ मिळवून द्यायचा.

जेव्हा हवा बदलते आणि मन बदलत नाही

आता शेवटचा भाग. तो जरा लक्ष देऊन ऐका.

हवेनं उतरलेलं मन हवा बदलली की वर येतं. निदान थोडं तरी हलतं. पाऊस आला, झोप झाली, हातात दोन पैसे आले, आणि तरीही मन तिथंच असेल, तर ते हवेचं नाही. सलग दोन आठवडे रोज उदास वाटणं, कशातच गोडी न वाटणं, झोप उडणं किंवा सारखं झोपून राहावंसं वाटणं, जेवण कमी होणं, सारखं थकणं, ‘मी कुणाच्या कामाची नाही’ असं मनात येणं ही आजाराची खूण असू शकते. ताप येतो तसा हाही आजार, आणि त्याला उपचार आहे. कधी अंगात रक्त कमी असल्यानं किंवा थायरॉइडच्या दुखण्यानंही असं वाटतं, म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.

एका गटातली ताई पावसाळ्यात बैठकीला येईनाशी झाली. चार बैठकांचा दंड चढला. पाऊस-चिखल आहे, रानात काम आहे, असं सगळ्यांना वाटलं. दसरा झाला, आभाळ निरभ्र झालं, सगळ्या हुशारल्या, ती आली नाही. तेव्हा गटाच्या सचिव तिच्या घरी गेल्या. चूल दुपारपर्यंत पेटलेली नव्हती. ती म्हणाली, “उठावं वाटतं, पण उठायचं कशाला तेच कळंना.” आशाताईंच्या मदतीनं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. औषध सुरू झालं, समुपदेशन झालं. फरक पडायला काही आठवडे लागले. गटानं दंड माफ केला आणि ठरावात कारण लिहिलं, ‘आजारपण’. बाळंतपणासाठी आपण जसं लिहितो, तसंच. त्या दिवसापासून त्या गटात मनाच्या दुखण्याला आजारपण म्हणतात.

मदत कुठे मिळते ते लिहून घ्या. टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६. फोनला पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे उपचार मिळतात. उपचार सुरू असलेल्या मैत्रिणींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांमुळे ऊन लवकर बाधतं. म्हणून उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून घ्यावं. गोळी स्वतःहून बंद करू नये.

आणि कुणी ‘आता जगण्यात काही राहिलं नाही’, ‘माझ्या मागं पोरांना बघा’ असं बोललं, बाई असो की गडी, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. त्याला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं कुलपात घाला किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. १४४१६ ला फोन लावा, जिवाला धोका दिसला तर १०८ ची गाडी बोलवा. दुष्काळाच्या वर्षी आणि पीक पाण्यात गेलेल्या वर्षी प्रत्येक गटानं आपल्या गल्लीतलं एकही घर आठवडाभर न विचारता सोडू नये.

आपल्या गटाच्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. मन त्याच आरोग्यात येतं. त्याच्यासाठी वेगळी परवानगी काढायला नको.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीपासून झोप, पाणी आणि हवा हे तीन प्रश्न सुरू करा. कोण काय म्हणालं ते रजिस्टरात लिहू नका, ते गटातच राहू द्या. फक्त ठरावाच्या वहीत, तारखेच्या खाली, त्या दिवशी आभाळ कसं होतं ते एका ओळीत लिहीत जा. वर्षभरानं ती वही उघडून बघा. कोणत्या महिन्यात भांडणं झाली, कधी कर्ज मागितलं गेलं, कधी कोण गप्प होतं, ते तुम्हालाच दिसेल, आणि पुढच्या वर्षी काय सांभाळायचं तेही तुम्हालाच ठरवता येईल. नमस्कार.